नव्या रीफ टँकला लाइट किती आणि कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्यात राहता. तीन फुटी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) पाळायचा टँक (९० × ४५ × ४५ सेंमी), मांडून दोन आठवडे झाले, आत कोरडा रॉक आणि वाळू आहे, सायकल (अमोनिया खाणारे जिवाणू टँकमध्ये वाढण्याचा काळ) चालू आहे. दुकानदार म्हणतो १६५ वॅटचा काळा डबा (काळ्या डब्यातला साधा एलईडी लाइट) घ्या, त्यात सगळं येतं. मित्र म्हणतो महागातला ब्रँडेडच घे, नाहीतर कोरल जगणार नाही. आणि तुम्हाला लाइट आजच हवाय, कारण टँक अंधारात 'मेल्यासारखा' दिसतो.

तर पहिली गोष्ट, आज लाइट घेऊच नका. अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना प्रकाश लागत नाही, उलट तीव्र प्रकाश त्यांना अडवतोच. सायकल चालू असताना टँकवर लाइट सोडला की त्याचा फायदा फक्त शेवाळाला. आधी वाळूवर तपकिरी थर येतो, तो डायटमचा. मग हिरवे केस. मग लालसर चिकट सायनोबॅक्टेरिया. हे सगळं थोडंफार येणारच आहे, पण त्याला निमंत्रण कशाला द्यायचं? खोलीतल्या ट्यूबच्या उजेडात टँक महिनाभर राहू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत कोरड्या रॉकच्या टँकला चार-सहा आठवडे जातातच. तेवढ्या वेळात काय पाळणार हे ठरवा. लाइट त्यावरून ठरतो.

इथे कायद्याचं एक वाक्य सांगणं भाग आहे, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. दगडी प्रवाळ, म्हणजे हॉबीत आपण ज्यांना एलपीएस (मोठ्या पॉलिपचे, म्हणजे फुलासारख्या जिवंत तोंडांचे) आणि एसपीएस (लहान पॉलिपचे) म्हणतो तो सगळा गट, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. समुद्रपंखे आणि ऑर्गन पाइप कोरलही त्यातच. आपल्या किनाऱ्यावरून असं काही उचलून आणून कोणी 'लोकल आहे, स्वस्त आहे' म्हणून देत असेल, तर तो गुन्ह्यात तुम्हाला भागीदार करतोय. परदेशातून आलेल्या दगडी प्रवाळालाही साइट्सचे (CITES, वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) कागद लागतात. त्यामुळे भारतात पहिला टँक करणाऱ्याला मी एकच सांगतो: झोआ, मश्रूम, लेदर या दगडी सांगाडा नसलेल्या मऊ कोरलपासून सुरुवात करा आणि त्यांचंही बिल मागा. कायदा बाजूला ठेवला तरी हाच सल्ला दिला असता. सहा महिन्यांच्या टँकमध्ये एसपीएस घालणं म्हणजे नुकतं सायकल शिकलेल्या पोराला घाटात सोडणं.

आता या तिघांना प्रकाश किती लागतो? कोरलच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा हिस्सा कोरलला देतं. म्हणजे प्रकाश आपण देतो तो खरा या भाडेकरूला. त्याच्या कामाचा प्रकाश मोजायचं एकक म्हणजे पार: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन एका चौरस मीटरवर एका सेकंदात पडतात, मायक्रोमोलमध्ये. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. ते वाचून दचकू नका. मश्रूमना ३० ते ८० पुरतात. झोआ आणि लेदर ७० ते १५० मध्ये मजेत राहतात. बहुतेक एलपीएस याच पट्ट्यात येतात आणि फक्त एसपीएसला २०० ते ३५० लागतात. तुमच्या यादीत एसपीएस नसेल, तर जोराचा लाइट ही तुमची गरजच नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. विजयदुर्गच्या समोर खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे. तिथला प्रवाळ वीस मीटरहून खोल पाण्यात वाढतो. मालवणच्या आसपासचा प्रवाळ उथळ आहे, पण पाणी गढूळ, पावसाळ्यात तर विचारूच नका. दोन्हीकडे मालदीवच्या फोटोतला लख्ख निळा उजेड नाही, आणि तरी प्रवाळ आहे. कमी प्रकाशाशी जुळवून घ्यायला कोरलला वेळ लागतो, पण ते जमतं. अचानक वाढलेल्या प्रकाशाशी मात्र जमत नाही, आणि नव्या माणसाचा टँक बहुतेक वेळा तिथेच फसतो.

मीही तिथेच फसलो होतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी टी-५ (बारीक फ्लोरोसंट) ट्यूब काढून पहिला एलईडी लावला. चालू केला तर जुन्यापेक्षा मंद वाटला, निळसर, खोलीत उजेडही कमी. म्हटलं दुकानदाराने फसवलं, आणि निळा-पांढरा दोन्ही चॅनल शंभर टक्क्यांवर नेले. टँकमध्ये तीन वर्षं जुना लेदर होता, दुधाळ कॉफीच्या रंगाचा, तळहाताएवढा. दुसऱ्या दिवशी त्याने पॉलिप आत घेतले. लेदर अधूनमधून मेणासारखी कात टाकतो, तेव्हाही असाच बंद होतो, म्हणून मी स्वस्थ बसलो. पाचव्या दिवशी सकाळी पाहिलं तर वरची कड सोललेल्या बदामासारखी पांढरी. भाडेकरू घर सोडून गेले होते. मी लाइट तीस टक्क्यांवर आणला, लेदर वाळूवर उतरवला. तो वाचला, पण रंग यायला चार महिने गेले.

माझी चूक काय झाली? माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला, साधारण ५५५ नॅनोमीटरला, सगळ्यात जास्त दाद देतो. ४५० च्या निळ्याला फारच कमी. लुमेन आणि लक्स ही मापं या डोळ्याच्या आवडीनिवडीवर बेतलेली आहेत. त्यामुळे निळा एलईडी डोळ्याला मंद दिसतो आणि मोबाइलचं लक्स मीटरही 'मंद आहे' असंच सांगतं, पण कोरलवर मात्र फोटॉनांचा मारा चालू असतो. म्हणून मोबाइल अॅपने रीफचा लाइट मोजू नका. आणि वॅट? वॅट सांगतो लाइट वीज किती खातो. तुमच्या दुकानदाराचे १६५ वॅट हे ३ वॅटचे ५५ एलईडी गुणून आलेत. भिंतीवर मीटर लावून बघा, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी निघेल. त्यात फसवणूक आहे असं म्हणत नाही, एलईडी कमी करंटवर चालवणं उलट चांगलंच. फक्त त्या आकड्यावरून तुमच्या वाळूवर काय पोचतंय ते कळत नाही.

ते कळतं पार मीटरने. विकत घ्यायची वस्तू नाही, महाग आहे आणि वर्षातून दोनदा लागते. पुण्या-मुंबईत रीफ पाळणाऱ्यांपैकी कोणाकडे ना कोणाकडे एक असतोच, चार जणांत मिळून फिरतो. पाण्यात बुडणारा सेन्सर हवा. फार जुन्या मॉडेलचा असेल तर तो निळा प्रकाश कमी दाखवतो हे लक्षात ठेवून आकडे वाचा.

डोंबिवलीत एकांच्या टँकवर आम्ही असंच मोजलं. तुमच्याएवढाच टँक, मधोमध एकच मोठा फिक्स्चर (लाइटचा अख्खा संच). त्यांचे झोआ महिनाभर मिटलेले. त्यांनी मीठ बदललं, कार्बन टाकला, पाणी दर तीन दिवसांनी बदललं. आम्ही काचेवर मार्करने नऊ चौकोन आखले आणि सेन्सर काठीला बांधून प्रत्येक चौकोनात धरला. मध्यभागी, रॉकच्या माथ्यावर, ३१०. त्याच टँकच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात वाळूवर ४५. आणि झोआ कुठे, तर बरोबर त्या ३१० वर, कारण 'मधे ठेवले की छान दिसतात'. रॉक वीस सेंटीमीटर बाजूला सरकवला, आकडा १२० आला. पुढच्या आठवड्यात झोआ उघडे. पाण्यात काही दोष नव्हताच.

तुमच्या टँकसाठी लाइट निवडताना मी सगळ्यात आधी हे पसरणं बघेन. एका फिक्स्चरचा उजेड साधारण ६० × ६० सेंटीमीटरवर नीट पडतो, त्यापुढे उतरत जातो. टँक ९० सेंटीमीटर लांब. म्हणजे एका जोरदार लाइटने मधे वाळवंट आणि कडेला अंधार होणार. त्यापेक्षा दोन लहान लाइट, कडांपासून साधारण २२-२३ सेंटीमीटर आत, पाण्यापासून २५ ते ३० सेंटीमीटर वर. लेन्स रुंद कोनाची असू द्या, ९० अंश किंवा त्याहून जास्त. अरुंद लेन्स खोल टँकसाठी असते, ४५ सेंटीमीटर उंचीला तिचा उपयोग नाही, ती फक्त मधला आकडा फुगवते. दोन लाइटचा आणखी एक फायदा: रॉकच्या खाली सावली एकाच बाजूला दाट पडत नाही, आणि एक बिघडला तरी दुसरा दुरुस्तीपर्यंत निभावून नेतो.

दुसरी गोष्ट मंद करण्याची सोय. निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे, टायमर आत असला पाहिजे, आणि एक टक्क्यापासून हळूहळू चढता आलं पाहिजे. ही सोय नसेल तर तो लाइट फुकट मिळाला तरी घेऊ नका. मित्राने सुचवलेल्या ब्रँडेड लाइटमध्ये (एआय प्राइम, रेड सीचे रीफएलईडी, केसिल, हेच असणार) पैसे यासाठी जातात. शिवाय रंगांचं मिश्रण एकसारखं असतं आणि रॉकवर लाल-हिरवे-निळे ठिपके नाचत नाहीत. काळ्या डब्याला मी नावं ठेवणार नाही. बरेच लोक त्यावर वर्षानुवर्षं सुंदर टँक चालवतात. पण त्यात बहुधा दोनच नॉब असतात, पंखा आवाज करतो, आणि तीन फुटाला एकच लावला तर डोंबिवलीची गोष्ट होते. बजेट तेवढंच असेल तर दोन लहान डबे घ्या आणि नॉब फिरवायला हात आवरता घ्या.

टी-५ बद्दल मित्र काही म्हणाला नाही, तरी सांगतो. उजेड पसरण्यात आजही तिच्यासारखं काही नाही. पण ट्यूब दर नऊ ते बारा महिन्यांनी बदलावी लागते, आणि पाऱ्यावरच्या बंधनांमुळे युरोपात २०२३ पासून साध्या टी-५ ट्यूब बाजारात आणणं बंद झालं. नवीन माणसाने त्यात पडू नये. मेटल हॅलाइड तर विसराच. २५० वॅटचा तो दिवा मे महिन्यात पाणी उकळायला ठेवल्यासारखा असतो.

रंगाबद्दल लोक फार भांडतात. लाल प्रकाश समुद्राच्या पाण्यात पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा सगळ्यात खोल जातो. झूझँथेलीची रंगद्रव्यं या निळ्यावर जगायला तयार झालेली आहेत. क्लोरोफिल ए, सी-२ आणि पेरिडिनिन यांचं काम मुख्यतः ४२० ते ५०० च्या पट्ट्यात चालतं. म्हणून निळा जास्त, पांढरा थोडा. प्रमाण बाकी तुमच्या डोळ्यांवर. मला स्वतःला नुसत्या निळ्यात चमकणारा, डिस्को बारसारखा टँक आवडत नाही. मासे खऱ्या रंगात दिसले पाहिजेत. संध्याकाळी पाहुणे आले की निळा वाढवून झोआंची चमक दाखवतो, ती त्यांच्यातल्या प्रथिनांची करामत, निळा घेऊन हिरवा-केशरी परत देतात. डब्यावरच्या १४,०००, २०,००० केल्व्हिनवर मात्र फार विश्वास ठेवू नका. तो आकडा मुळात तापलेल्या वस्तूच्या उजेडासाठी आहे. इतक्या निळ्या एलईडीला तो लावला की अंदाजापलीकडे त्याला अर्थ राहत नाही. (हा तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकात जपानमध्ये बनला आणि त्यासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. रीफवाल्यांनी त्या तिघांचे फोटो टँकशेजारी लावायला हरकत नाही.)

आता तास. प्रकाशाची तीव्रता आणि वेळ यांचा गुणाकार दिवसाचा हिशोब ठरवतो. १०० पारवर १० तास म्हणजे १०० × ३६०० × १०, एकूण ३६ लाख मायक्रोमोल, म्हणजे दिवसाला ३.६ मोल. हेच ७२ पारवर १४ तास ठेवून जमेल असं कागदावर दिसतं, पण तेवढे जास्तीचे तास शेवाळालाही मिळतात. म्हणून चढ-उतार धरून आठ ते नऊ तास ही माझी मर्यादा. सायकल संपल्यावर पहिले दोन आठवडे फक्त पाच तास, निळा २० टक्के, पांढरा ५. गोगलगायी आल्या, त्यांनी काच साफ करायला घेतली, की दर आठवड्याला अर्धा तास आणि पाच टक्के वाढवा. शेवाळ उसळलं तर तिथेच थांबा, मागे फिरायलाही लाजू नका. पहिला कोरल येईल तेव्हा तो वाळूवर ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर न्या.

कोरल स्वतः सांगतो, फक्त त्याची भाषा सावकाश आहे. झोआचे देठ उंच होऊन माना वर काढायला लागले की उजेड कमी पडतोय. रॉकला चिकटून चपटे, मिटलेले, रंग फिकट, म्हणजे जास्त झाला. मश्रूम ताटलीसारखा पसरला तर त्याला आणखी हवाय, कडा आक्रसल्या तर सावली हवीय. तपकिरी पडण्याने मात्र गोंधळू नका. कमी उजेडात झूझँथेली वाढतात आणि कोरल तपकिरी होतो, पण नायट्रेट-फॉस्फेट चढल्यानेही तसंच होतं. आधी टेस्ट किट काढा, मग लाइटला हात लावा. आणि काहीही बदललं तर दोन आठवडे थांबून बघा. रोज स्लायडर हलवणाऱ्याच्या टँकमध्ये काय कशामुळे झालं हे देवालाही कळत नाही.

बाकी आपल्या हवेच्या दोन-तीन गोष्टी. एलईडीची उष्णता वरच्या बाजूने निघते, पाण्यात कमी उतरते, तरी बंद कॅनॉपीत (टँकवरच्या झाकणपेटीत) ती कोंडते. लाइट उघडा टांगा किंवा कॅनॉपीला पंखा द्या. पुण्यात उन्हाळ्यात पाणी २६-२७ अंशांवर ठेवायला चिलर लागणारच, तो खर्च लाइटच्या आधी बाजूला काढा. विजेचं म्हणाल तर सरासरी १०० वॅटने नऊ तास म्हणजे दिवसाला ०.९ युनिट, महिन्याला २७. चिलरसमोर हे किरकोळ आहे. टँक खिडकीजवळ असेल आणि दुपारचं ऊन थेट पडत असेल तर आधी पडदा लावा, मग लाइटचं बोलू.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर लाइट ठेवू नका, वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) ठेवा. एखाद-दुसरा दिवस अंधार झाला तर कोरलला काही होत नाही, पण पाण्याची हालचाल थांबली तर काही तासांत ऑक्सिजन उतरतो आणि मासे आधी जातात. आणि मीठ. पाण्यातून फुटणारे बुडबुडे बारीक तुषार उडवतात, ते लेन्सवर वाळून पांढरा पापुद्रा होतो. उजेड आठवड्यागणिक कमी होत जातो आणि आपल्याला पत्ता नसतो. आणि मग एक दिवस कोणीतरी पुसतं आणि कोरल भाजतात. पंधरा दिवसांतून एकदा लाइट बंद करून, थंड झाल्यावर, आरओच्या पाण्याने किंचित ओल्या कापडाने पुसा. पंख्याच्या जाळीतली मिठाची पूड कोरड्या ब्रशने काढा. बरेच ड्रायव्हर (एलईडीला वीज देणारे भाग) या मिठानेच जातात.

तुमच्या जागी मी असतो तर महिनाभराने दोन लहान, रुंद लेन्सचे, टायमरवाले लाइट घेतले असते, ३५-४० टक्क्यांच्या पुढे ते बहुधा न्यावेच लागले नसते. कुणाचा तरी मीटर एका रविवारी मागवून घ्या, आणि तोही कोरल यायच्या आधी, कारण एकदा फ्रॅग (कोरलचे लावायचे तुकडे) चिकटले की रॉक हलवणं जिवावर येतं. वाळूवर ५० ते ८०, मधल्या पायरीवर ८० ते १२०, माथ्यावर १५० च्या आत, एवढं जमवा. रॉकचं कागदावर कच्चं चित्र काढून प्रत्येक जागेचा आकडा पेन्सिलीने लिहा आणि कागद कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. पहिला झोआ आणाल तेव्हा त्याला कुठे बसवायचं ते दार उघडून बघायचं.